वाफ काल गेली

३ नोव्हेंबर

चि. काटा हिला आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत एक बारीकसा चिमटा.

फोन न करता लिहिते आहे. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तुझे मोठे काका हल्ली दिवसभर तिथेच असतात. आपल्याला ऐकू कमी येतं असं ते सांगतात, पण ते फक्त काम सांगितल्यावर. शिवाय फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही बोलत नाहीस. तुला लहानपणी काटा म्हणायला लागलो ते तू प्रत्येक गोष्ट मोजूनमापून घ्यायचीस म्हणून. आता शब्दसुद्धा मोजून द्यायला लागलीस. कागदावर निदान चार वाक्यं तरी लिहावी लागतील.

विषय असा की वर्षअखेरची सुट्टी जवळ आली. शेवटच्या रविवारी नेहमीप्रमाणे सगळ्यांचं जेवण आहे आणि तू यायचं आहेस. पण गेल्या वर्षीचा तमाशा पुन्हा नको. सगळे टेबलाभोवती बसलेले, मोठ्या दादाने, म्हणजे तुझ्या याच काकांनी, पहिला पाव मोडलेला, वाफ वर गेलेली, आणि तू हाताची घडी घालून म्हणतेस, 'आई बसल्याशिवाय मी खाणार नाही.' तुझी आई ओव्हनपाशी, दोन्ही हातांत कापड. ती आतूनच म्हणाली, 'मला भूक नाही गं, तुम्ही घ्या.' तू उठून गेलीस. मोठा दादा तणतणला. तुझे बाबा ताटाकडे बघत राहिले, जसे ते लग्न झाल्यापासून बघत आले आहेत. एवढं करून तुझी आई काही बसली नाहीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

या घरात बटाट्याचा पाव गरमच खातात. एक पाव मोडायचा, वाफ दिसली की सगळ्यांनी घ्यायचा, तो संपतोय तोवर दुसरा ओव्हनमधून निघतो, मग तिसरा. माझ्या आजीपासून हे असं आहे. त्यासाठी कोणीतरी ओव्हनपाशी उभं राहावंच लागतं. त्यात अन्यायबिन्याय काही नाही. गाडी चालायची तर ड्रायव्हर लागतो, तसंच. तेव्हा ये, जेव, आणि तोंड फक्त खायला उघड.

बाकी ठीक. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, बोटं निळी झाली आहेत. तुझी आई बरी आहे. हल्ली घरातसुद्धा तुझ्या बाबांच्या चपला घालून फिरते, फटक फटक आवाज करत. मी तिला म्हटलं, बरंय, मांजराच्या गळ्यात घंटा बांधली गेली, तू कुठे आहेस ते कळतं तरी.

उलट टपाली कळव.

तुझी,
आत्या

●

९ नोव्हेंबर

आत्या,

पत्र मिळालं. चिमटाही.

आधी चपलांचं. आईचं पाऊल बाबांपेक्षा बरंच लहान आहे. आपल्या चपला असताना कोणी मोठ्या चपला हौसेने घालत नाही. तिचे पाय सुजतात का? सकाळपासूनच, की उभं राहिल्यावर? डॉक्टरकडे गेली होती का, आणि सोबत कोण गेलं होतं? 'बरी आहे' हे उत्तर मला नको आहे.

आता अट. तोंड फक्त खायला उघडायचं, हे मला मान्य नाही. गेल्या वर्षी मी जे बोलले ते पुन्हा बोलेन. तू लिहिलंस त्या वर्णनात एक गोष्ट राहिली. टेबलाच्या कोपऱ्याला, स्वयंपाकघराच्या दाराशी, आईची खुर्ची आहे. त्या खुर्चीवर दर वर्षी पावाची टोपली ठेवलेली असते. म्हणजे आपल्याकडे टोपली बसते आणि आई उभी असते. मी जन्मापासून हे बघत होते, पण मला ते दिसलं गेल्या वर्षी.

ड्रायव्हरचा दाखला चुकीचा आहे. गाडीत ड्रायव्हर बसलेला असतो.

'कोणीतरी उभं राहावंच लागतं' याला उत्तरही आहे. मी पुठ्ठ्याच्या कारखान्यात काय करते ते तू लोकांना 'तिथे ती साहेब आहे' असं सांगतेस. मी तिथे खळ तपासते. कागदाचे थर ज्या खळीने चिकटवतात ती पुरेशी घट्ट आहे की नाही, हे बघणं हे माझं काम. खळ म्हणजे पिठातलं सत्त्व आणि पाणी. तापली की ती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. निवली की धरते. म्हणून यंत्रातून निघालेला पुठ्ठा आम्ही गरम असताना कापत नाही. कापला तर पात्याला लगदा लागतो आणि थर सरकतात. हे कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात.

बटाट्यात तेच सत्त्व असतं. पाव भाजून झाला तरी आत काम चालू असतं. तो पूर्ण निवेपर्यंत कापायचा नसतो. आणि बटाटा पाणी धरून ठेवतो, म्हणून तो पाव दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. बटाट्याचा पाव हा लवकर शिळा होऊ नये म्हणूनच करायचा पाव आहे. आपण तो अशा रीतीने खातो की त्याच्या त्या एकमेव गुणाचा काही उपयोगच होऊ नये.

माझं म्हणणं एवढंच: सगळे पाव शनिवारी भाजायचे. रविवारी ओव्हन बंद. आई बसेल.

पायांचं कळव.

काटा

●

१६ नोव्हेंबर

काटा,

वा! म्हणजे आता आमचा पाव पुठ्ठा झाला. पुढच्या पत्रात रश्श्याला गोंद म्हण, म्हणजे झालं.

अगं, आपला पाव चिकटच असतो. तीच त्याची खूण. दुकानातला पाव भुसभुशीत, आपला चिकट. मोठा दादा म्हणतो, दाताला चिकटला नाही तर त्यात बटाटा आहे हे कळणार कसं? पाहुणेसुद्धा म्हणतात, तुमच्याकडचा पाव काही वेगळाच. तू आता तिथे बसून म्हणणार की ते सगळे पिढ्यान्‌पिढ्या कच्चा लगदा खात होते. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाई.

पायांचं विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते, कारण तुझ्या आईने शपथ घातली होती. पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या आहेत, दोऱ्याच्या गुंड्यासारख्या. संध्याकाळी पावलं सुजतात. डॉक्टरकडे मी घेऊन गेले. तो म्हणाला, जास्त वेळ उभं राहू नका. तुझ्या आईने विचारलं, 'जास्त म्हणजे किती?' तो हसला. तिने काही गंमत केली नव्हती. घट्ट मोजे दिले आहेत, ते ती घालते आणि विसरल्याचं नाटक करून काढून ठेवते.

तुझं पत्र मी तिला शिवणाच्या खोलीत वाचून दाखवलं. वाटलं होतं, लेकीची माया बघून डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, एक शब्द माझा नाही: 'माझ्या वतीने भांडायला तिला कोणी सांगितलं? गेल्या वर्षी सगळ्यांसमोर मला बिचारी करून टाकलं. तो पाव माझा आहे. पहिला घास घेतला की सगळे दाराकडे बघतात, मी तिथे उभी असते म्हणून. या घरात माझ्याकडे बघतात ते तेवढंच. तेही काढून घ्यायचंय का तिला?'

मग माझ्याकडची निळी चिंधी घेऊन मशीन पुसायला लागली. मशीन स्वच्छच होतं.

काय उत्तर आहे तुझ्या कारखान्यात याच्यावर?

आत्या

●

२७ नोव्हेंबर

आत्या,

उत्तर नाही. आई म्हणाली तो मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. घ्यायला हवा होता. गेल्या वर्षी मी तिच्यासाठी बोलले, पण तिला विचारलं नव्हतं. हे तिला सांग. बाकीच्या म्हणण्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, हेही सांग.

शिरांचं न सांगणं ही चूक होती. शपथ आईने घातली असली तरी.

तुझा 'चिकट ही खूण' हा मुद्दा मात्र तपासता येण्यासारखा होता, म्हणून तपासला. माझ्या खोलीत ओव्हन नाही. घरमालकिणीचा आहे, तिने रविवारी वापरायला दिला. पहिल्या खेपेला मी उकडलेले बटाटे मिक्सरमधून काढले. सेकंदात त्यांची खळ झाली, अगदी आमच्या टाकीतल्यासारखी, तारा सुटणारी. मी रोज जे मुद्दाम करते तेच इथे नकळत केलं. घरमालकीण वाकून बघत म्हणाली, 'छान आहे. मागच्या भिंतीचा कागद सुटलाय, त्याला लावू या का?' तो पाव झाला नाही. आईने बटाटे कायम काट्याने का कुस्करले, ते मला तेव्हा समजलं. मी तिला एकदा म्हटलं होतं, मिक्सर असताना हात का दुखवून घेतेस. ती कुस्करत राहिली होती.

दुसऱ्या खेपेला सालीसकट उकडले, गरम असताना काट्याने कुस्करले, उकडल्याचं पाणी फेकलं नाही, त्यातच पीठ भिजवलं. आई करते तसंच. एकाच पिठाचे, एकाच साच्याचे, एकाच वेळी भाजलेले दोन पाव. एक गरम असतानाच मोडला. आपल्या घरातला पाव. दाताला चिकटणारा, बोटाने दाबला तर दबलेलाच राहणारा. दुसरा फडक्यात गुंडाळून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कापला. सुरी स्वच्छ निघाली. काप दुमडला, मोडला नाही. घरमालकिणीने दोन्ही खाल्ले आणि विचारलं, 'हे दोन्ही तूच केलेस?'

चिकटपणा ही खूण नाही, आत्या. ती घाई आहे.

मी पुन्हा एक करणार आहे. तो सात डिसेंबरच्या बसने पाठवते, कंडक्टरकडे तुझ्या नावाची चिठ्ठी असेल. स्टँडवर तूच जा. गरम करू नकोस. आधी एक काप तू खा.

आईला हे नक्की सांग: हा पाव जेवणासाठी नाही. हा नमुना आहे. जेवणाचा पाव तिचाच, तिच्या हातचा. मी फक्त वार बदलायला सांगते आहे.

काटा

●

८ डिसेंबर

काटा,

तुझा नमुना पोचला. कंडक्टर म्हणाला, 'बाई, यात काय आहे, सगळी बस भुकेली झाली.' मी म्हटलं, पुठ्ठा आहे.

घरी आणला, शिवणाच्या खोलीत नेला, दार लावलं आणि कापला. कापड कापायच्या टेबलावर, उभ्यानेच खाल्ला एक काप. मग दुसरा. चांगला होता. लिहायला हात वळत नाही, पण खोटं कशाला लिहू? मऊ होता, कापसासारखा नाही, नव्या फ्लॅनेलसारखा. आणि मला इतका राग आला म्हणून सांगू.

तुला काय वाटतं, या घरात ओव्हनपाशी तुझी आईच पहिल्यांदा उभी राहिली? तिच्याआधी मी होते. माझ्या आईचा हात अधू झाला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची. ओव्हनचं दार माझ्या हनुवटीला लागायचं. माझ्या मनगटावरचा तो पांढरा पट्टा तू लहानपणी बोट फिरवून विचारायचीस ना, आत्या, हे घड्याळ कुठे गेलं? ते घड्याळ नव्हतं, ती ओव्हनची कड होती. दर सुट्टीला भाऊ टेबलाशी, मी आत. तुझी आई लग्न होऊन आली त्या वर्षी मी हातातलं कापड तिच्या हातात दिलं आणि जाऊन खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा पहिला घास गरम खाल्ला. मला वाटलं, माझी पाळी संपली, आता हिची. पुढे हिच्या सुनेची, नाहीतर लेकीची. सगळं रीतसर. त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

आणि तू एक पार्सल पाठवून सांगतेस की पाळी असं काही नव्हतंच! एक दिवस आधी भाजून फडक्यात गुंडाळून ठेवायचा, बस्स! मग मी काय उगाच भाजून घेतलं? आम्ही दोघी काय वेड्या होतो? हे मला आता कळावं, केस पिकल्यावर, तेही बसच्या कंडक्टरकडून?

उरलेला पाव मी कुस्करून पक्ष्यांना घातला. पुन्हा पाठवू नकोस. रविवारी ओव्हन पेटणार, वाफ निघणार, आणि तुझी आई उभी राहणार. मी राहिले होते. कोणी मेलं नाही.

यायचं असेल तर या अटीवर ये.

आत्या

●

१३ डिसेंबर

आत्या,

तू वेडी नव्हतीस. दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्ही समोर लागतात, एक गरम पाव आणि एक गार. आपल्या घरात पाव कधी गार होईपर्यंत उरलाच नाही. म्हणून कोणालाच कळलं नाही. जे टेबलाशी बसले होते त्यांना कळून घ्यायची गरज नव्हती आणि जी उभी होती तिला वेळ नव्हता. ही चूक तुझी नाही.

पण आता दोन्ही पाव तुझ्या खाण्यात आले आहेत. यापुढे जे होईल त्याला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

मनगटाचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी विचारलं होतं.

'मी राहिले होते' हे आईने उभं राहण्याचं कारण होऊ शकत नाही. ते आईने बसण्याचं कारण आहे. यात माझं-तुझं दुमत आहे आणि मी माझं सोडणार नाही.

मी येत नाही. त्या रविवारी मी कामावर आहे. ड्यूटी कोणी लावलेली नाही, मी मागून घेतली आहे. तुझ्या अटीला घाबरून नाही. मी आले तर सगळे माझ्याकडे बघतील, आता ही काय बोलते म्हणून. आईच्या म्हणण्यातलं एवढं मला समजलं आहे की त्या दिवशी बघायचं ते तिच्याकडे.

माझी खुर्ची रिकामी राहील. पावाची टोपली तिच्यावर ठेवा. टोपलीला जागा नाही, ही सबब मी संपवली आहे. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोणी बसायचं, ते तुम्ही दोघी ठरवा.

पक्ष्यांना पाव आवडला का, ते कळवलं नाहीस.

काटा

●

३० डिसेंबर

माझ्या काट्या,

पक्षीबिक्षी काही नाही. तो पाव मी आणि तुझ्या आईने खाल्ला.

तुला तणतणून पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, तेवढ्यात वहिनी दार ढकलून आत. म्हणाली, 'वास येतोय.' काय करणार? दिला एक काप. ती उभ्यानेच खायला लागली तशी मी ओरडले, 'बस की!' गणवेशांच्या गठ्ठ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. तिसऱ्या दिवशी पाव हातात घेऊन बोटाने दाबला, तो फुगून वर आला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा वर. मग म्हणाली, 'मीठ कमी घातलंय.' मी म्हटलं, हो, जरा कमीच आहे. थोड्या वेळाने म्हणाली, 'बटाटे पुरते कुस्करले नाहीत, गुठळी लागली मला.' मी म्हटलं, असेल. मग शेवटचा काप तोंडात टाकत म्हणाली, 'माझा याहून चांगला होईल.'

बस्स. तुझी खळ, तुझा पुठ्ठा, तुझ्या पत्रांतली ती वकिली, सगळं एकीकडे. तुझ्या आईला तू हरवशील की काय, या भीतीने काम केलं.

तुझं ते पत्र नंतर आलं. 'ते आईने बसण्याचं कारण आहे' हे वाक्य मी दोनदा वाचलं, मग रागाने घडी घातली, मग पुन्हा उघडलं. तिलाही दाखवलं. ती म्हणाली, 'कार्टीने सुट्टी घेतली नाही म्हणजे जेवायची आबाळ होणार तिची.' एवढंच.

शनिवारी सगळे पाव भाजले. मोठा दादा बैठकीतून विचारतो, 'आज कसला वास?' मी म्हटलं, उद्याचा सराव चाललाय. त्याला पटलं. त्याला आयुष्यभर कोणत्याही गोष्टीचा सराव करावा लागलेला नाही, त्यामुळे सराव म्हणजे काय ते त्याला माहीत नाही.

पण रविवारी सकाळी वहिनी माझ्याकडे आली, तोंड उतरलेलं. म्हणाली, 'मी बसेन गं, पण माझं अंग बसणार नाही. कोणी नुसतं खाकरलं तरी मी उठेन. मला माहीत आहे.' मी म्हटलं, मनाचा निग्रह कर. ती म्हणाली, 'मन नाही, गुडघे उठतात.' मग मीच विचार केला, आपला धंदा काय आणि आपण बसलोय काय! सुईदोरा काढला.

आता जेवण. टोपली तुझ्या खुर्चीवर. मोठा दादा येऊन बघतो तर, 'ही काटाची जागा, इथे टोपली का?' मी म्हटलं, 'तिनेच बसवलीय. हिला बोलता येत नाही, तुला बरं.' मग त्याला दिसली कोपऱ्यात तुझी आई. बसलेली. मोजे घातलेली, केस नीट बांधलेली, हात मांडीवर, शाळेत फोटो काढायला बसवलेल्या मुलीसारखी. त्याला वाटलं, क्षणभर टेकली असेल. त्याने पाव घेतला, मोडला, आणि सगळे वर बघायला लागले, सवयीने.

वर काहीच गेलं नाही.

त्याने तो पाव नाकापाशी नेला, उलटा केला, बंद पडलेलं घड्याळ बघतात तसा. 'वाफ कुठे आहे?'

'वाफ काल गेली,' मी म्हटलं.

'म्हणजे शिळा पाव? सुट्टीच्या जेवणाला? आपल्या घरात?'

'कालचा पाव,' मी म्हटलं. 'शिळा आहे का ते खाऊन ठरव.'

'मी गार पाव खात नाही. जरा गरम करून आणा.'

'आणा' म्हणताना तो कोणाकडेच बघत नव्हता, नेहमीसारखाच. आणि तुझी आई उठली. उठली म्हणजे निम्मी उठली. मी तिच्या कपड्याच्या घेराची कड खुर्चीच्या गादीला धावदोऱ्याने शिवून टाकली होती, आणि गादी खुर्चीला बांधलेली. खुर्ची तिच्याबरोबर इंचभर उचलली गेली आणि धाडकन खाली आली, वहिनीसकट.

मग तुझे बाबा, हो, तुझे बाबा बोलले. 'काय झालं? पाय दुखतोय?'

'पाय नाही,' तुझी आई म्हणाली. 'टाके आहेत.'

त्यांना काही कळेना. त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं, बराच वेळ बघितलं. वर आले ते लाल होऊन, ओठ घट्ट मिटून, आणि मग त्यांना जे हसू फुटलं! मी त्यांना असं हसताना त्यांच्या लग्नानंतर बघितलेलं नाही. तुझी आई हसते आहे, मी हसते आहे, आणि मोठा दादा हातात पाव धरून विचारतो आहे, 'काय झालं? मला कोणी सांगाल का?'

'तिला उठता येत नाही,' मी म्हटलं. 'ज्याला गरम पाहिजे त्याने उठावं.'

तो उठला. खरंच उठला, पाव घेऊन तरातरा आत गेला. आतून कपाटांची दारं वाजली. काहीतरी पडलं. मग तो दारात येऊन उभा राहिला, बरोबर तिथेच, जिथे तुझी आई उभी राहायची, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. 'हा ओव्हन पेटतो कसा?'

'बटण दाबून फिरवायचं,' मी म्हटलं, 'आणि मग उभं राहायचं.'

'किती वेळ?'

'ते आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं.'

तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग परत येऊन खुर्चीवर बसला आणि एक तुकडा तोंडात टाकला. चावत राहिला. सगळे बघताहेत. 'दाताला चिकटत नाही,' तो म्हणाला, अगदी तक्रार केल्यासारखा. आणि दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. चौथ्याला मी टोपली त्याच्यापासून लांब सरकवली.

तुझ्या बाबांनी एक काप तुझ्या आईच्या ताटात वाढला. काही बोलले नाहीत. एका जेवणात दोनदा बोलण्याची त्यांना सवय नाही. पण तिने पहिला घास घेतला तेव्हा ते ताटाकडे नाही, तिच्याकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. तुला सांगायचं म्हणून लिहिते.

मी जिंकले असं समजू नकोस, आणि तू जिंकलीस असंही समजू नकोस. माझ्या मनगटावरचा पट्टा काही पुसला गेलेला नाही. पण पुढच्या वर्षी तू ये. आणि मोठ्या दादाला बटाटे कुस्करायला काटा आणून दे. आमच्या काट्याचे दोन दात वाकले आहेत, आणि त्याने कारण सांगता कामा नये.

खाली दोन ओळींची जागा सोडते आहे. तुझी आई लिहीन म्हणते आहे.

आत्या

●

काटा,

टाके मीच मागितले होते, आत्याने सगळं श्रेय घेतलं असेल. तुझ्या पावात मीठ कमी होतं. बसल्यावर टेबलाखाली पाय कुठे ठेवायचे ते मला कळेना, शेवटी चपला काढून टाकल्या. जेवण झालं, सगळे उठले, तशी आत्या टाके उसवायला कात्री घेऊन आली. मी तिला म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ.

आई